आधी सकाळचा घास

अगं, एक सांगू? तू डाएट सुरू करू नकोस. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला तो तक्ता मिटव आधी. त्यातलं अर्धं सामान शेवगावच्या बाजारात मिळत नाही, जे मिळतं ते तुझ्या पगारात बसत नाही, आणि सकाळच्या एसटीने नगर गाठणाऱ्या मुलीला ते करायला वेळ नाही. असला तक्ता आठवडाभरात बंद पडतो. मग तुला वाटतं, माझ्यातच जिद्द नाही. तसं काही नाही गं. सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते.

तुझा दिवस मला दिसतो. उठल्यावर कपभर चहा, फार तर दोन बिस्किटं. अकराच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले की स्टँडवरचा वडापाव. डबा उघडायला तीन वाजतात. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत भेळ नाहीतर फरसाण. रात्री घरी येऊन सगळ्या दिवसाची भूक एकदम भागवायची आणि लगेच अंथरूण गाठायचं. पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांचंही हेच, रांजणगाव-चाकणला पाळीत काम करणाऱ्यांचंही हेच. वडापाव खाल्लास यात मोठा गुन्हा नाही. सकाळपासून पोट रिकामं ठेवलंस म्हणून त्या वडापावाला नाही म्हणता आलं नाही, खरं दुखणं ते आहे.

म्हणून पहिलं पाऊल एकच. घराबाहेर पडायच्या आत काहीतरी खायचं. बाकी काही बदलू नकोस. पंधरा दिवस एवढंच कर.

काय खायचं, हे विचारू नकोस, ते घरातच आहे. रात्रीची बाजरीची भाकरी उरलेली असते, ती दह्यात किंवा दुधात कुस्कर. वर शेंगदाण्याची चटणी घे. तेही जमत नसेल तर एक उकडलेलं अंडं नाहीतर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं, एसटीत बसूनही खाता येतं. अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास. तुझं वजन ५० किलो धरलं तर दिवसाला ४० ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं लागतात. म्हणजे सकाळच्या त्या एका खाण्यातच चांगली सुरुवात झाली. प्रथिनं पोटात गेली की भूक बराच वेळ शांत राहते आणि अकराचा वडापाव आपोआप मागे पडतो.

दुसरं पाऊल चहाचं. सोड म्हणत नाही, आपल्याकडे चहा सोडा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. दोन गोष्टी कर. साखर दोन चमच्यांवरून एकावर आण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे असा हिशेब घातला, तर ती मर्यादा नुसत्या चहातच ओलांडते. दुसरी गोष्ट, जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं.

लोहाबद्दल मी एवढं का बोलते, ते ऐक. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, रक्ताने कमी निघाल्या. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, केस गळतात, आणि आपण म्हणतो कामाचा ताण आहे. ताण असेलही, पण एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते. १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखव. गोळ्या दिल्या तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घे, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस.

आणि ताटात बघ. आपली बाजरी ही काही गरिबाची म्हणून बाजूला सारायची गोष्ट नाही. तिच्यात तांदळापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काम करून जास्त लोहाचं ‘धनशक्ती’ नावाचं बाजरीचं वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी आणलं. भाकरीबरोबर लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असू दे, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. एक लक्षात ठेव, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. म्हणून आठवड्यापुरतंच दळून आण.

तिसरं पाऊल भाजीचं. आपल्या डब्यात पोळ्या चार असतात आणि भाजी कोपऱ्यात चमचाभर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या ताटात निम्मी जागा भाज्या आणि फळांची आहे. लगेच निम्म्यावर जाऊ नकोस. एक पोळी कमी कर आणि भाजी दुप्पट घे, बस. बाजारात मेथी, चाकवत, तांदुळजा, घोळ, ज्या भाजीचे दिवस असतील ती घे. हंगामातली भाजी ताजी मिळते आणि स्वस्तही पडते. फळही तसंच. थंडीत बोरं आणि पेरू, पुढे मोसंबी. डब्यात सफरचंदच हवं असं कुणी सांगितलं?

भाजी निवडायला वेळ नसेल त्या दिवशी कडधान्य. मटकी किंवा मूग सकाळी भिजत घाल, रात्री फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. त्याची उसळ दहा-पंधरा मिनिटांत होते. थंडीत हुलग्याची शेंगोळी कर, भाजी-भाकरी दोन्ही एकाच भांड्यात होतात. मांसाहार करत असशील तर नाथसागर जलाशयाचे मासे आपल्याला जवळ आहेत. तळण्याऐवजी रस्सा कर.

मेसवर जेवणाऱ्यांना हे सगळं हातात नसतं, मला कळतं. त्यांनी मेसच्या ताटाला दोन गोष्टींची जोड द्यावी. खोलीवर एक काकडी नाहीतर टोमॅटो चिरायचा, आणि एक वाटी दही आणायचं. आणि लोणचं, पापड, फरसाण रोज नको. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि या वरच्या वस्तूंतूनही बरंच मीठ पोटात जातं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे. तहान लागली की थंड पेयाची बाटली उघडायची नाही, तिच्यात साखरच साखर. पातळ ताक, कधी लिंबू सरबत, आणि पिशवीत पाण्याची बाटली कायम.

हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस. आधी सकाळचं खाणं, ते अंगवळणी पडलं की चहा, मग भाजी. एखाद्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू कर. लग्नसराईत दोन दिवस जिलेबी खाल्लीस म्हणून काही बिघडत नाही, उपाशी राहून ती भरून काढायला गेलीस तर बिघडतं. वजनकाट्यावर रोज उभी राहू नकोस. त्यापेक्षा दुपारी झोप कमी येते का, जिना सहज चढता येतो का, चिडचिड कमी झाली का, हे बघ.

घरातल्यांसाठी तू पहाटे उठतेस, सगळ्यांचे डबे भरतेस आणि स्वतः उपाशीपोटी निघतेस, हे मला पटत नाही. धाकट्या भावालाही हेच सांग, त्याला स्वतःची भाकरी दह्यात कुस्करता आली पाहिजे. उद्या सकाळी आधी खा, मग चप्पल घाल. आणि काय खाल्लंस ते मला कळव, मी विचारणार आहे.