पोटदुखी अंगावर काढू नका

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे दोहाला गेले होते. एका संध्याकाळी सूक वाकिफमध्ये, मसाल्यांच्या आणि खजुरांच्या दुकानांतून फिरताना ओटीपोटात डावीकडे कळ आली. तशी ती महिनाभर येत-जात होती. पोट फुगायचे, कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळून मी गप्प बसले होते. त्या रात्री ताप भरला, तेव्हा सूनबाईने हट्टाने डॉक्टरांकडे नेले. सी.टी. स्कॅनमध्ये कळले, की मोठ्या आतड्यातील पिशव्यांना सूज आली आहे. वेळेवर औषध मिळाल्याने शस्त्रक्रिया टळली.

डॉक्टरांनी समजावले ते असे. वयाबरोबर आतड्याची भिंत कमजोर होते. मल घट्ट असला की आतला दाब वाढतो आणि कमजोर जागी लहान फुगे येतात. त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. पुष्कळांना त्यांचा त्रास होतच नाही. आपल्या आशियाई लोकांत हे फुगे उजव्या बाजूलाही आढळतात, म्हणून ते दुखणे अपेंडिक्सचे वाटू शकते.

मी दोष दिला होता सूकमधल्या बदाम-पिस्त्यांना! पण अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १८ वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००८ साली आला, की सुकामेवा वा लाह्या खाण्याने हा धोका वाढत नाही. डॉ. बर्किट आणि डॉ. पेंटर यांनी १९७१ साली बोट ठेवले होते ते चोथा कमी असलेल्या आहारावर. म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, सालासकट मूग, फळे हळूहळू वाढवावीत. पाणी पुरेसे प्यावे आणि रोज चालावे. मात्र सूज असताना आहार डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावा. गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. काही वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ताप, सतत वाढणारी कळ, उलट्या किंवा शौचावाटे रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्ताला मूळव्याध समजून लपवू नये. शौचाची सवय बदलली तरी तपासणी करावी, कारण कर्करोगाचीही हीच खूण असू शकते.

माझ्याजवळ सूनबाई होती. आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ एकटे राहतात. त्यांना दवाखान्यात सोबत करणे हीही सेवाच. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी रुग्णसाहाय्य निधीस यथाशक्ती हातभार लावावा, ही नम्र विनंती.

आपली,
एक ज्येष्ठ भगिनी