परवाना तुमचा, मित्र बिनपरवान्याचा : तबकडी फोडायला खर्च किती?

घरात परवान्याची बारा बोअर आहे, मित्राला हवेत उडणारी तबकडी फोडून बघायची आहे आणि गावाबाहेर माळ मोकळा पडला आहे. बीड जिल्ह्यात असा बेत चहा संपायच्या आत ठरतो. पण खर्च मांडायला बसलो की पहिला आकडा रुपयांचा नसतो, वर्षांचा असतो.

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 3 प्रमाणे बंदूक जवळ बाळगायची तर ज्याचा त्याचा परवाना लागतो. परवानाधारक समोर असताना दुसऱ्याने बंदूक नेण्याची सवलत आहे, पण ती दुरुस्ती, नूतनीकरण किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरापुरती. म्हणजे मित्र गाडीतून बंदूक काढून तुमच्या हातात देईल तर चालेल. त्याने स्वतः बार काढायचा नाही. ‘मी शेजारीच उभा होतो’ असे सांगून सुटका होत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याची शिक्षा किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद, वर दंड. हक्क नसलेल्याच्या हाती शस्त्र दिल्याबद्दल कलम 29 आणि परवान्याची अट मोडल्याबद्दल कलम 30 तुमच्याकडे बोट दाखवतात. दोन्हींत 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना जातो तो वेगळाच.

आपल्या जिल्ह्यात हे कागदावरचे भय राहिलेले नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातले बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने साऱ्या राज्याच्या नजरेत आले. हवेत गोळीबाराच्या चित्रफिती पुढे आल्या, गुन्हे नोंदले गेले, शेकडो परवाने निलंबित किंवा रद्द झाले. ही झाडाझडती व्हायलाच हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच ज्याला नेमबाजी खेळ म्हणून आवडते, त्याने मित्राला माळावर नेऊ नये, रेंजवर न्यावे. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आता कायद्यातच आहे. तबकडी नाही तर तितर, असा विचारही नको. शिकार रोखणारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि पाटोद्याजवळचे नायगाव मयूर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे.

आता रेंजचे. नेमबाजीची रेंज आहे म्हणजे तबकड्यांचे मैदान आहे, असे धरून निघू नका. 10 मीटरची एअर रायफल रेंज एखाद्या लांबट खोलीतही बसते. तबकडीच्या खेळात छर्रे दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडतात, त्यामुळे समोर मोठी निर्मनुष्य जागा राखावी लागते. म्हणूनच अशी मैदाने देशात मोजकी आहेत. दिल्लीची डॉ. कर्णी सिंग रेंज 1982 च्या आशियाई खेळांसाठी उभी राहिली. आपल्याला त्याहून जवळची म्हणजे भोपाळची मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमी. छत्रपती संभाजीनगरहून सचखंड एक्सप्रेस मनमाडमार्गे भोपाळला जाते. तिथल्या मैदानावर बाहेरच्या नवख्याला प्रवेश मिळेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. मैदान क्लबचे असेल तर त्याचा परवाना सभासदांच्या सरावासाठी असतो. म्हणून प्रश्न नेमका हवा : परवाना नसलेल्या पाहुण्याला तात्पुरते सभासद करून तुमच्या बंदुकीने, तुमच्या प्रशिक्षकासमोर बार काढता येतो का? उत्तर लेखी मागा. ‘या, बघू’ या उत्तरावर रेल्वेचे आरक्षण करू नका.

खर्चाची खरी मेख काडतुसात आहे. एक फेरी 25 तबकड्यांची. तबकडीच्या ऑलिंपिक ट्रॅप प्रकारात पात्रता फेरीत प्रत्येक तबकडीवर दोन बार काढता येतात, म्हणजे एका फेरीला 25 ते 50 काडतुसे. नवख्याला एकच बार द्या. हिशेबाच्या सोयीसाठी काडतूस 100 रुपयांना धरले, तर एक फेरी 2,500 रुपये आणि दोघांची 5,000. क्लब जो भाव सांगेल तो या जागी घाला. त्यावर तबकड्या, मैदानाचे शुल्क, बंदुकीचे भाडे आणि प्रशिक्षकाचे मानधन. हे चारही आकडे स्वतंत्र विचारा, कारण ‘सगळं मिळून’ म्हटल्यावर काडतुसे बहुधा त्यात नसतात. मित्राला पूर्ण फेरीची गरजही नसते. बारा बोअरचा दणका सवय नसलेल्या खांद्याला लवकर जाणवतो; पंधरा बारांनंतर तो नेम धरत नाही, धक्क्याची वाट बघत चाप ओढतो. स्पर्धेच्या काडतुसात 24 ग्रॅमपर्यंतच छरा असतो; शिकाऱ्याचे जड काडतूस त्याला देऊ नका.

कानाचे संरक्षण आणि चष्मा यांत काटकसर नाही. क्लब देत असेल तर उत्तम, नाही तर विकत घ्या. बारा बोअरचा आवाज एका बारातही कानाला कायमची इजा करू शकतो. पायात बंद बूट, गळाबंद शर्ट. त्याचा प्रबळ डोळा कोणता, हे पहिल्या काडतुसाआधी प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. उजव्या खांद्यावर बंदूक आणि प्रबळ डोळा डावा असेल, तर निम्मे पैसे आकाशात जातात.

एवढा प्रवास झेपत नसेल तर मी दुसरी वाट सुचवेन, आणि बहुतेकांना तीच परवडेल. 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतली हवेची बंदूक परवान्याविना वापरता येते. जवळच्या शहरात 10 मीटर रेंज असेल, तर मित्राची पहिली शिकवणी तिथे काही शे रुपयांत आटोपते. तिथल्या छऱ्यांचा खर्च काडतुसापुढे नगण्य. तबकडीचा वेग तिथे मिळत नाही, हे खरे. पण चापावरचे बोट, श्वास आणि नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवण्याची शिस्त तिथेच अंगी बाणते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले. तो वेगळा प्रकार, पण पाया हाच. आवड टिकली तर तबकडीसाठी पैसे साठवा. रेंजवर एसटीने जाणार असाल आणि सोबत मित्राऐवजी मैत्रीण असेल, तर महिला म्हणून तिला निम्मे तिकीट लागते, तेही हिशेबात घ्या.

स्वतःची बंदूक सोबत न्यायचा मोह झालाच, तर आधी परवान्यावरचे कार्यक्षेत्र वाचा. ते महाराष्ट्रापुरते असेल तर ती भोपाळला नेता येत नाही. काडतुसांची मंजूर संख्या आणि परवान्याची मुदतही त्याच वेळी बघून घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा तारीख ठरवण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. मित्राचे आधार कार्ड, दोन छायाचित्रे आणि क्लबचे लेखी उत्तर एकाच पाकिटात ठेवा.