काचेच्या नळीतला आवाज

माझ्या लहानपणी आमच्या घरी आजोबांचा एक जुना लाकडी रेडिओ होता. बटण फिरवले तरी तो लगेच बोलत नसे. मी घाई केली की आजोबा म्हणत, "सबर कर बेटा, त्याला तापू दे." मागच्या बाजूने पाहिले की आत काचेच्या नळ्या निखाऱ्यासारख्या लालसर दिसत. मग हळूहळू आवाज येई.

या नळीला व्हॉल्व्ह किंवा निर्वात नळी म्हणतात. निर्वात म्हणजे जिच्यातील हवा काढून टाकली आहे अशी. आतील धातू तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी अशी नळी तयार केली. १९०६ साली अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तारेची जाळी बसवली. ही जाळी नळाच्या तोटीसारखी काम करते. तोटी थोडी फिरवली तरी पाण्याची धार खूप बदलते. तसेच जाळीवर आलेल्या क्षीण विद्युतलहरीने मोठा प्रवाह कमीजास्त होतो. अशा रीतीने मायक्रोफोनमधून आलेली बारीक लहर मोठी होते.

पण नळीवर फार भार पडला, तर ती लहरींची टोके हळूहळू वाकवते. साधा ट्रान्झिस्टर तीच टोके कात्रीने कापल्यासारखी सपाट करतो. म्हणून तो आवाज कर्कश लागतो. लहर वाकली की मूळ स्वरात नवे स्वर मिसळतात. समजा, मूळ स्वराची कंपने सेकंदाला २०० आहेत. त्यात ४०० कंपनांचा स्वर मिसळला, तर 'सा'बरोबर वरचा 'सा' ऐकू आल्यासारखे होते. कानाला ते भरदार वाटते.

मग नळीचा आवाज नेहमीच मऊ असतो का? तसे नाही. लिव्हरपूलच्या बीटल्स या वादकांनी सुरुवातीची गाणी नळ्यांच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. १९६९ साली 'ॲबी रोड' ही तबकडी मात्र ट्रान्झिस्टरच्या नव्या यंत्रावर झाली. तेव्हा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना नवाच आवाज मऊ वाटला. ढोलांचा जुना ठसका त्यात नाही, असे त्यांना वाटले. म्हणजे सारे काही नळीवर अवलंबून नसते. यंत्राची रचना आणि त्यावरचा भार यांनीही आवाज बदलतो.

मुलांनो, नळीने घातलेली भर ही खरे तर चूक आहे. मोजमाप करणाऱ्याला ती नको असते. गाणाऱ्याला मात्र ती कधी कधी हवीशी वाटते. म्हणून लोक म्हणतात तेवढ्यावर विसंबू नका. आधी स्वतःच्या कानांनी ऐका, मग मत बनवा. त्यासाठी आजोबांचा तो सबर मात्र हवा!

स्वाध्याय
१. जाळीला तोटीची उपमा का दिली आहे?
२. नळी आणि ट्रान्झिस्टर लहरींची टोके कशी बदलतात?
३. 'चूक कधी कधी हवीशी वाटते' याचे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून पाच ओळींत लिहा.