दुकानाला कुलूप आहे, संगणकाला आहे काय?

भाईंदरच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडविणारा कारखानदार असो की नया नगरात कपड्यांचे दुकान चालविणारा व्यापारी असो, रात्री शटर ओढल्यावर कुलूप हलवून पाहिल्याशिवाय तो घरी जात नाही. परंतु ज्या संगणकात त्याची उधारी, गिऱ्हाइकांची माहिती, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचा सारा व्यवहार असतो, तो संगणक मात्र एखाद्या सोप्या पासवर्डवर रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेला असतो. "आम्ही लहान माणसे, आमच्याकडे कोण चोर येणार?" असे आपले बांधव म्हणतात. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे आम्ही येथे तीन घटनांच्या आधारे मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. संगणकावरील चोर प्रत्येक वेळी माणूस निवडून येत नाही. त्याने सोडलेले प्रोग्राम जगभरच्या संगणकांची दारे आपोआप ठोठावत फिरतात. जे दार उघडे सापडेल तेथे ते शिरतात. मालक लहान की मोठा, हे त्यांना ठाऊकही नसते.

पहिली घटना : मीरा रोड, २०१६

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले व सुमारे ७० जणांना अटक केली. येथून अमेरिकेतील लोकांना फोन जात. "आम्ही कर खात्याचे अधिकारी आहोत, तुमचा कर थकला आहे, आत्ताच पैसे भरा, नाहीतर अटक होईल," असे त्यांना बजावले जाई. या फसवणुकीची सारी मदार आवाजावर, भीतीवर आणि घाईवर होती. समोरच्याने फोन ठेवून कर खात्याच्या खऱ्या नंबरावर स्वतः विचारणा केली असती, तर डाव तेथेच संपला असता.

व्यापारात हाच डाव ई-मेलने खेळला जातो. चोर आधी आपल्या किंवा आपल्या पुरवठादाराच्या ई-मेलमध्ये शिरतो आणि मुकाट्याने बिले वाचत बसतो. मोठ्या रकमेचे बिल निघाले की पुरवठादाराच्या नावाने पत्र येते : "आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळी पैसे नव्या खात्यावर पाठवावेत." बिलाचा नंबर बरोबर, मालाचा तपशील बरोबर, फक्त खाते चोराचे!

दुसरी घटना : पुणे, २०१८

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत या बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. त्यापैकी सुमारे ७८ कोटी २८ देशांतील एटीएममधून, सुमारे अडीच कोटी भारतातील एटीएममधून, तर १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळविले गेले.

हे घडले कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र बँकेला विचारते : या खात्यात पैसे आहेत काय, द्यावेत काय? हा प्रश्न ज्या यंत्रणेमार्फत जातो तिला स्विच म्हणतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून एक खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेले प्रश्न खऱ्या हिशेबापर्यंत पोहोचलेच नाहीत, मधला खोटा मुनीमच "द्या" म्हणून उत्तर देत राहिला. निरोप नेण्याआणण्याचा एकच रस्ता असला आणि त्या रस्त्यावर चोर बसला, तर मोठ्या बँकेचाही असा घात होतो.

तिसरी घटना : न्हावाशेवा, २०१७

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमध्ये झाला. तेथील व्यापारी वापरत असलेल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत चोरांनी तो लपविला होता. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यात बसले, आणि त्याच समूहाकडून चालणाऱ्या आपल्या न्हावाशेवा बंदरातील टर्मिनलचे कामकाजही कोलमडले. युक्रेनमधील हिशेबाच्या प्रोग्रामचा, आणि खोळंबा आपल्याकडील कंटेनरांचा! २० ते ३० कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाज कंपनीने त्याच वर्षी दिला.

यातील एक गोष्ट पुढे प्रसिद्ध झाली, ती प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावी. कंपनीच्या जाळ्याची किल्ली म्हणावी असे जे मुख्य संगणक होते, ते सर्व पुसले गेले. आफ्रिकेतील घाना येथील एकच वाचला, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच एका प्रतीवरून कंपनीने आपले जाळे पुन्हा उभे केले. जी प्रत जोडलेली नव्हती, तीच कामास आली.

आपण काय करावे?

या तिन्ही घटनांचा बोध आमच्या मते एकच आहे. कोणत्याही महत्त्वाच्या गोष्टीसाठी एकाच दारावर विसंबू नये, दुसरी सोय ठेवावी.

१) दुसरी खात्री. खाते बदलल्याचा निरोप आला की पैसे पाठविण्यापूर्वी आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून विचारावे. त्या पत्रातच दिलेल्या नंबरावर विचारू नये, तो चोराचाच असेल.

२) दुसरी प्रत. हिशेबाची प्रत रोज, निदान आठवड्यातून एकदा, वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी व लगेच ती संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच बुडते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडते की नाही, हेही पाहावे.

३) दुसरी किल्ली. ई-मेल, बँक व जीएसटी यांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत. पासवर्डनंतर मोबाईलवर दुसरी खूण मागण्याची सोय जेथे असेल तेथे ती चालू करावी. ती खूण, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगू नये.

४) वेगळे जाळे. इंटरनेटच्या पेटीचा, म्हणजे राउटरचा, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा. गिऱ्हाइकांना व कामगारांना वाय-फाय द्यायचेच असेल तर ते वेगळे द्यावे. ज्या जाळ्यावर बिले बनतात त्यावर बाहेरचा मोबाईल नको.

५) वेळेवर दुरुस्ती. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, परंतु ज्या भोकातून तो शिरला ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आपला संगणक कोणत्या विंडोजवर चालतो, हे विचारून घ्यावे.

६) चोरीचे सॉफ्टवेअर नको. हिशेबाचे सॉफ्टवेअर फुकटात 'क्रॅक' करून देणारा माणूस आत आणखी काय ठेवून गेला, हे आपल्याला कळत नाही. वाचविलेले चार पैसे पुढे महाग पडतात.

७) किल्ल्यांचा हिशेब. दुरुस्तीसाठी दुरून संगणक हाताळणारे ॲप काम होताच बंद करावे. नोकर सोडून गेला की ज्या दिवशी त्याच्याकडून गाळ्याची किल्ली घेतो, त्याच दिवशी पासवर्डही बदलावेत.

घात झालाच तर

लाजेने गप्प बसू नये. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी आपल्या बँकेला कळवावे व १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असताना ती अडविता येते, उशीर झाला की हाती काही लागत नाही. नंतर पोलिसांत रीतसर तक्रार द्यावी. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्या भागासाठी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. संगणकावर खंडणीची पाटी झळकली तर त्याची इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे, परंतु संगणकातील काही पुसू नये, तोच पुरावा असतो. खंडणी भरून हिशेब परत मिळेलच, याची कोणी हमी देत नाही.

व्यापारी बंधूंनो, संगणकातील माहिती केवळ आपली नाही. उधारीवर माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता, जॉबवर्क करणाऱ्या कारागिराचा बँक खाते क्रमांक, ही सारी त्यांनी विश्वासाने आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. ती चोरीस गेली तर नुकसान त्यांचेही होते, आणि बाजारात पत जाते ती आपली. एक हार्डडिस्क व सुट्टीच्या दिवशीचे दोन तास, एवढ्यावर यातील बहुतेक कामे होतात. गाळ्यात संगणक जाणणारा मुलगा असेल तर त्याला जवळ बसवून ही सात कलमे एकेक करून पुरी करावीत, आणि शेजारच्या गाळेवाल्यालाही सांगावीत.