नकाशावरील रेघ आणि विमानाची वाट

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील बंधु शिक्षणार्थ मुंबईहून लंडनास गेले. तिकिटावर निघण्याची वेळ दुपारीं १ व पोहोंचण्याची सायंकाळीं ५-३० अशी छापली होती. त्यांच्या मातोश्री साडेपांचपासून फोनजवळ बसून राहिल्या. निरोप आला तो रात्रीं अकरानंतर. मधला वेळ त्यांनीं कसा काढला असेल, हें सांगावयास नको. तिकिटांत चूक नव्हती. प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते, आणि हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेपांच तास मागें असतें. (उन्हाळ्यांत हाच फरक साडेचार तासांचा होतो.) अर्थात् प्रवास १० तासांचा होता.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. ताशीं ८५० किलोमीटर वेग धरल्यास साडेआठ तासच येतात. उरलेला वेळ चढण्या-उतरण्यांत, बंद असलेल्या हवाई हद्दींना वळसा घालण्यांत आणि समोरच्या वाऱ्याशीं झगडण्यांत जातो. सुमारें १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून प्रबळ वारे वाहतात. म्हणून परतीचें विमान बहुधा लवकर येतें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ प्रथमच मुंबईहून लंडनास निघालें, तेव्हां त्यास कैरो व जिनीव्हा येथें थांबे घ्यावे लागले होते.

वेळ काढण्यापूर्वीं अंतर मात्र नीट काढतां आलें पाहिजे. धुळें व जळगांव हीं दोन्ही गांवें २१ उत्तर अक्षांशाच्या लगत आहेत. धुळ्याचा रेखांश ७४.८, जळगांवचा ७५.६. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा भरतो. २१ अंशांची कोज्या ०.९३४ हिनें त्यास गुणिलें असतां खानदेशांत तो १०४ चा होतो. यावरून हवाई अंतर ८० किलोमीटरांहून थोडें अधिक निघतें. एस. टी. ची गाडी पारोळें, एरंडोल घेत जाते. तिला अर्थातच जास्त पडतें.

येथवर सपाट नकाशा उपयोगी पडतो. आतां मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहर घ्या. त्याचाही अक्षांश २१ च्या जवळच. रेखांश मात्र पश्चिम १०३.४, म्हणजे जळगांवपासून १७९ अंश दूर. कोणत्या दिशेनें जावें, असें वर्गांत विचारतांच मुलें भिंतीवरील नकाशा पाहून एका सुरांत म्हणालीं, “सरळ पश्चिमेस!” तसें गेल्यास १७९ गुणिलें १०४, म्हणजे सुमारें १८,६०० किलोमीटर होतात. मग आम्हीं पृथ्वीचा गोल पुढें ठेवून दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणावयास सांगितला. दोरा पश्चिमेस राहीना; घसरत घसरत तो उत्तर ध्रुवाशीं जाऊन बसला! जळगांव ते ध्रुव ६९ अंश, तेथून ग्वादालाहारा ६९ अंश; एकूण १३८ अंश, आणि या दिशेस प्रत्येक अंश पुरा १११ किलोमीटरांचा. बेरीज सुमारें १५,३००. या दोन शहरांमध्यें थेट विमान जात नाहीं. पण गेलेंच, तर पश्चिमेच्या वाटेनें त्यास सुमारें २२ तास लागतील आणि ध्रुवावरून १८.