खापरांची साक्ष

मातीचे भांडे हातून निसटून फुटले, की त्याची खापरे गोळा करून उकिरड्यावर टाकली जातात. त्यांना कवडीचीही किंमत नसते. परंतु हीच खापरे तीन-साडेतीन हजार वर्षे जमिनीत पडून राहिली, तर पुराणवस्तुसंशोधक ती मोठ्या काळजीने वेचून घेतो. ज्यांना लिहिणे ठाऊक नव्हते, अशा माणसांची हकीकत त्याला या तुकड्यांतूनच समजते.

लाकूड कुजते, वस्त्र जीर्ण होते, मातीच्या भिंती पावसाने ढासळतात. तांब्याचे हत्यार मोडले, तर ते वितळवून त्याचे दुसरे करतात. भाजलेल्या मातीची गोष्ट मात्र निराळी आहे. भट्टीत माती चांगली तापली, की तिच्या कणांत मुरलेले पाणी कायमचे निघून जाते आणि मग ती पाण्यात भिजूनही पुन्हा चिखल होत नाही. भांडे फुटते, पण खापर कुजत नाही. शिवाय ते निरुपयोगी असल्यामुळे कोणी उचलूनही नेत नाही. म्हणूनच प्राचीन वस्तीच्या जागी खापरांचा खच सापडतो.

महाराष्ट्रात नद्यांच्या काठी अशा जुन्या वस्त्यांची टेकाडे आहेत. पडक्या भिंतींची माती आणि चुलींतील राख यांमुळे तेथील जमीन पांढरट दिसते, म्हणून लोक तिला ‘पांढरी’ म्हणतात. अशा टेकाडात मातीचे थर एकावर एक साचलेले असतात. सामान्यतः खालचा थर जुना आणि वरचा नंतरचा. कोणत्या थरात कोणत्या घडणीचे खापर मिळाले, यावरून वस्तीचा कालक्रम लावता येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळ प्रवरा नदीच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. इ. स. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे उत्खनन केले. त्यांना तांबड्या रंगाची, काळ्या रेषांनी चितारलेली, चाकावर घडवलेली भांडी मिळाली. ती इतकी उत्तम भाजलेली होती, की त्यांवर टिचकी मारली असता धातूसारखा नाद निघावा. तोटीची भांडी हे त्यांचे वैशिष्ट्य होय. पुढे अशीच खापरे तापी, गोदावरी आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत अनेक ठिकाणी आढळली. एकमेकांपासून दूर वसलेल्या त्या वस्त्यांची राहणी एकाच वळणाची होती, हे त्यावरून कळून आले. जोर्वे गावावरून त्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले.

या संस्कृतीचे सर्वांत स्पष्ट चित्र पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे दिसते. घोड नदीच्या काठी इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात ही वस्ती नांदत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी इ. स. १९६८ पासून दहा वर्षांहून अधिक काळ तेथे उत्खनन केले. तेथे कुंभाराची भट्टी सापडली. भट्टीची आच सांभाळणारा कसबी कारागीर गावात होता आणि त्याच्या पोटापुरते धान्य इतर लोक पिकवीत होते, असा याचा अर्थ. धान्य साठविण्याच्या जागा सापडल्या, जवाचे जळके दाणेही मिळाले. म्हणजे हे लोक शेतकरी होते आणि पुढील दिवसांची तरतूद करीत होते.

त्यांच्या अंतःकरणाची ओळखही मडक्यांनीच करून दिली. घरातील लहान मूल मरण पावले, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत त्याचा देह ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. जवळ लहान वाडगे आणि तोटीचे भांडे ठेवीत. आपले मूल मेल्यानंतरही घराबाहेर जाऊ नये, त्याला अन्नपाणी मिळावे, असेच त्या आईबापांना वाटत असावे.

इ. स. पूर्व सुमारे १००० नंतर मात्र भांड्यांची घडण ओबडधोबड होत गेली आणि नक्षी कमी झाली. त्याच थरांत मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागल्या. पाऊस कमी होत जाऊन शेती खालावली, असे अनुमान संशोधकांनी केले आहे. पण हे अनुमान केवळ खापरांवर आधारलेले नाही. घरे, धान्य आणि हाडे यांचा पुरावा पडताळून पाहिल्यावरच ते केलेले आहे. एका साक्षीदाराच्या शब्दावर न्यायाधीश निकाल देत नाही, तसेच हे आहे.

पांढरीची माती शेतास चांगली, म्हणून लोकांनी पुष्कळ टेकाडे खणून नेली. थरातून निघालेले खापर हाती उरते, पण ते कोणत्या काळाचे, कोणत्या घराचे, हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचा इतिहास या मातीतच आहे. तो जागच्या जागी सांभाळणे, हे आपले कर्तव्य आहे.

शब्दार्थ : उत्खनन – शास्त्रीय रीतीने केलेले खोदकाम, कसबी – कुशल, तरतूद – आगाऊ केलेली सोय, अनुमान – पुराव्यावरून बांधलेला तर्क.

स्वाध्याय
१. प्राचीन वस्तीच्या जागी खापरेच अधिक का सापडतात?
२. इनामगावच्या मडक्यांवरून तेथील आईबापांच्या मनाविषयी काय समजते?
३. ‘एका साक्षीदाराच्या शब्दावर न्यायाधीश निकाल देत नाही’, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. ‘कवडीची किंमत नसणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून तो स्वतःच्या वाक्यात योजा.