पन्हाळ्याची सहल : नसलेला दरवाजा कसा दाखवायचा?

कोल्हापूरच्या मुलांना पन्हाळा नवीन नाही. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर. पाहुणे आले की पन्हाळा, पहिला पाऊस पडला की पन्हाळा. त्यामुळे सहलीत मुलं म्हणतात, "सर, आम्ही बघितलाय की!" मग मी विचारतो, "बघितलाय ना? मग चार दरवाजा कुठं आहे सांगा." तीन दरवाजा सगळ्यांना माहीत असतो. चार दरवाजाचं नाव काढलं की वर्ग गप्प.

तो सापडणार नाही, कारण तो पाडलाय. कोल्हापूरहून वर येणारी आपली बस त्याच्याच जागेवरून गडात शिरते. बाजीप्रभूंच्या पुतळ्याकडं बघण्याच्या नादात आपण एका मोठ्या दरवाजातून आत आलो, हे कळतच नाही.

तो पडला १८४४ मध्ये. ही गोष्ट शिवकाळाच्या जवळपास पावणेदोनशे वर्षांनंतरची, म्हणून आपल्या शिकवण्यातून निसटते. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारी कुटुंबं होती, त्यांना गडकरी म्हणत. चाकरीच्या बदल्यात त्यांच्याकडं जमिनी असत. इंग्रजांच्या देखरेखीखाली कोल्हापूर संस्थानाचा नवा कारभार सुरू झाला, आणि या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात देण्याचं ठरलं. आज जमीन गेली, उद्या चाकरीही जाईल, हे गडकऱ्यांनी ओळखलं. सामानगड आणि भुदरगडावर उठाव झाला आणि लोण पन्हाळ्यापर्यंत आलं. कर्नल ओव्हान्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तर बंडकऱ्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं होतं! शेवटी १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेनं तोफांनी तट फोडून गड घेतला, शेजारचा पावनगडही त्याच दिवशी पडला. गडकऱ्यांची जुनी व्यवस्था संपली.

१८५७ च्या तेरा वर्षं आधीचं हे बंड. मुलांना मेरठ, झाशी पाठ असतं, आणि आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवरचं हे माहीत नसतं. यात मुलांचा काय दोष? आपणच सांगत नाही.

मी हा धडा वर्गात नाही, बसमधून उतरून त्या जागेवरच घेतो. मुलांना रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं करायचं (गाड्या फार असतात, दोन शिक्षक पाहिजेतच) आणि विचारायचं : दरवाजा का पाडतात? तट का फोडतात? उत्तरं छान येतात. एक पोरगी म्हणाली होती, "परत कुणी आत बसून दार लावू नये म्हणून." अजून काय सांगायचं राहिलं?

तिथून अंबारखान्याकडं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठी सगळ्यात मोठी. बाहेरून दोन्ही बाजूंना जिने आहेत, ते थेट छतावर जातात. वर भोकं आहेत, त्यातून धान्य आत ओतायचं. मुलं आत जाऊन आरोळ्या ठोकतात, ठोकू द्या, घुमट किती मोठे ते कानाला कळतं. मग गणित घाला. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. वीस मणांची एक खंडी, तर मण किती? पाच लाख. आता १६६० आठवा. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत, भर पावसातही उठला नाही. एवढे महिने गडावरची माणसं जगली ती तलवारीवर की धान्यावर? इथं वर्गात दोन तट पडतात. पडू द्यावेत.

पाण्याचं उत्तर तीन दरवाजाजवळ आहे. अंधार बाव ही तीन मजली इमारत, बाहेरून बघितलं तर विहीर आहे असं वाटतही नाही. शत्रू आधी पाण्यात विष कालवतो, म्हणून पाणीच इमारतीत लपवलं. खाली पाणी, वर पहारेकऱ्यांना राहायला जागा.

शिवा काशीद आणि बाजीप्रभू मुलांना माहीत असतात. मी फक्त एक भर घालतो, ती भूगोलाची. राजदिंडीतून निघालेली पालखी विशाळगडाच्या वाटेला लागली. त्या वाटेवरच्या पावनखिंडीच्या परिसरातच कासारी नदी उगम पावते. ती पुढं कुंभी, तुळशी, भोगावतीला मिळते, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि सगळ्यांची मिळून पंचगंगा होते. म्हणजे कोल्हापूरच्या घाटावर आपण पाय बुडवतो त्या पाण्यात थोडं पावनखिंडीचं पाणी असतं. हे ऐकून पोरं गप्प होतात. नकाशात बोटानं नदी काढून दाखवायला मात्र विसरू नका.

नदीकाठच्या शहरालाही राजधानीपण या गडावरूनच मिळालं. ताराराणींनी पन्हाळ्यावरून कारभार केला. त्यांच्या वाड्यात पुढं शाळा भरू लागली. गादी कोल्हापुरात आली ती १७८२ मध्ये. कवी मोरोपंत १७२९ मध्ये जन्मले तेही पन्हाळ्यावरच. मराठीच्या शिक्षकांनी हे सहलीआधी सांगून ठेवावं, नाहीतर पोरांच्या डोक्यात मोरोपंत फक्त बारामतीचे राहतात.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढणार, फलक वाढणार. पण पाडलेल्या दरवाजासमोर कोण थांबणार?

परत आल्यावर मुलांकडून गडाचा नकाशा काढून घ्या. आहे ते पक्क्या रेषेनं, नाही ते तुटक रेषेनं. माझ्या वर्गातल्या एकानं चार दरवाजा तुटक रेषेनं काढला आणि त्यातून आत येणारी लाल एस.टी. मात्र पक्क्या रेषेनं. तो नकाशा अजून वर्गात लावलेला आहे.